प्रस्थान आणि वहिवाट : ‘ल्यूझाज द्यू माँद’च्या निमित्ताने

प्रवासवर्णनाच्या मराठी समीक्षेत निघण्याच्या क्षणाचा विचार सहसा होत नाही. स्थळवर्णनाची चित्रमयता, लेखकाचे व्यक्तिमत्त्व, निवेदनातील विनोद वा चिंतन, परक्या संस्कृतीकडे पाहण्याची दृष्टी या अंगांनी या साहित्यप्रकाराची चर्चा झाली. मात्र प्रवास कोठे सुरू होतो आणि संहिता कोठे सुरू होते, हे दोन प्रश्न आपण एकच मानत आलो. तयारी, निरोप, बोटीचा धक्का किंवा विमानतळ हा भाग प्रास्ताविकाचा; तो ओलांडला की खरा मजकूर लागतो, अशी आपली समजूत आहे. बहुतेक पुस्तकांच्या बाबतीत ती चालूनही जाते. परंतु मुक्काम आधी न ठरविता, परतण्याची तारीख न धरता, एखादी जुनी मोटार घेऊन युरोपच्या रस्त्यांवर निघालेल्या माणसाचे पुस्तक हाती आले म्हणजे ही समजूत तोकडी पडते.

अडचण अशी की, लिहिणाऱ्या ‘मी’ला प्रवास कोठे संपला हे ठाऊक असते, निघणाऱ्या ‘मी’ला ते नसते. आखीव सहलीत या दोघांच्या ज्ञानात फारसे अंतर नसते, कारण निघणाऱ्याच्या खिशातही वेळापत्रक असतेच. बेत सैल असेल तर हे अंतर सर्वाधिक वाढते, आणि लिहिताना नेमके तेच बुजून जाण्याचा धोका असतो. मागे वळून पाहताना प्रत्येक वळण अटळ वाटू लागते. म्हणून ‘आमचे काहीच ठरलेले नव्हते’ हे विधान प्रवासाविषयी कितीही खरे असले, तरी संहितेत तो सैलपणा नव्याने घडवावा लागतो. केवळ सांगून तो येत नाही. निकोला बूव्हिए या स्विस लेखकाचे ‘ल्यूझाज द्यू माँद’ हे फ्रेंच पुस्तक या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

आवश्यक तेवढा तपशील असा. जिनीव्हाजवळ १९२९ मध्ये जन्मलेला बूव्हिए जून १९५३ मध्ये, विद्यापीठाच्या परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता, एका फियाट टोपोलिनोतून निघाला. त्याचा चित्रकार मित्र तिएरी व्हेर्ने आधीच पुढे गेला होता. दोघांची गाठ बेलग्रेडला पडावयाची होती. तेथून मॅसिडोनिया, ग्रीस, इस्तंबूल, पुढे अनातोलिया, तब्रीझ, तेहरान, क्वेट्टा, काबूल. हाताशी वेळ दोन वर्षांचा आणि पैसे चार महिन्यांचे. पुस्तक मात्र १९६३ मध्ये, म्हणजे निघाल्यानंतर दहा वर्षांनी, जिनीव्हाच्या द्रोज या प्रकाशनसंस्थेकडून लेखकाच्या स्वतःच्या खर्चाने आणि व्हेर्नेच्या रेखाचित्रांसह प्रसिद्ध झाले. आज फ्रेंच प्रवासलेखनात त्याला अभिजात ग्रंथाचे स्थान आहे. या लेखात मुख्यतः त्याच्या युरोपीय भागाचा, त्यातही आरंभाचा विचार केला आहे.

हा आरंभ पाहण्यासारखा आहे. जिनीव्हातून निघण्याचे दृश्य पुस्तकात नाही. पहिल्याच वाक्यात निवेदक वाटेवर आहे. घर सोडून त्याला तीन दिवस झाले आहेत, तो अगदी संथपणे चालला आहे आणि झाग्रेबच्या टपालकचेरीत त्याच्या नावे येऊन पडलेले एक पत्र त्याला मिळते. पत्र व्हेर्नेचे, बोस्नियातील त्रावनिकहून ४ जुलैला लिहिलेले. त्यानंतर पुस्तकाची पहिली भरीव वाक्ये निवेदकाची नसून त्या पत्राची आहेत. म्हणजे जो दुसरा कोणी अगोदरच निघून गेला आहे, त्याच्या आवाजात हे पुस्तक उघडते. आपण ज्याला आरंभ समजून वाचू लागतो तेथे प्रवास एकाच्या दृष्टीने तीन दिवस आणि दुसऱ्याच्या दृष्टीने कित्येक आठवडे जुना झालेला आहे. लहानपणी जमिनीवर पालथे पडून नकाशांच्या पुस्तकात रमण्याची आठवण त्यापुढे येते, आणि तिच्यामुळे तर आरंभ आणखीच मागे, दहाव्या-अकराव्या वर्षाकडे सरकतो. निघण्याचा एकच एक क्षण असा उरतच नाही.

आपल्याकडे ‘प्रस्थान ठेवणे’ असा एक वाक्प्रचार होता, प्रथाही होती. प्रवासाचा मुहूर्त गाठता येण्यासारखा नसेल तर त्या वेळेला आपले एखादे वस्त्र, तांदूळ-सुपारीचे गाठोडे दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. गाठोडे निघाले म्हणजे माणूस निघाला. तो देहाने मागाहून, सवडीने निघाला तरी चालते. प्रस्थान आणि गमन यांची ही फारकत आजच्या वाचकाला गमतीची वाटेल, पण कथनाच्या दृष्टीने ती फार उपयुक्त आहे. बूव्हिएने व्हेर्नेला, किंवा अधिक काटेकोरपणे बोलायचे तर व्हेर्नेच्या पत्राला, आपले प्रस्थान म्हणून पुढे ठेवले आहे. त्यामुळे स्वतःच्या निघण्याचा गाजावाजा करण्याची निवेदकावर पाळी येत नाही. ज्या क्षणी बेताची भाषा अपरिहार्यपणे बोलावी लागली असती (कोठे चाललो, किती दिवस, कशासाठी), तो क्षणच त्याने वगळला आहे.

या वगळण्याचे मोल मराठी परदेश-प्रवासवर्णनाशी तुलना केल्यास नीट कळते. अनंत काणेकरांच्या १९४० मधील पुस्तकाच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ या शीर्षकातच प्रवासाची दोन्ही टोके बांधलेली आहेत. लंडनच्या धुक्यातून सोव्हिएत रशियाकडे जाण्याची दिशा ही भूगोलाइतकीच विचारसरणीचीही दिशा आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) निघण्यापूर्वीची तयारी हाच विनोदाचा एक समृद्ध झरा आहे. दोन्ही ठिकाणी निघणे ही घटना आहे, आणि ती घटना असणे योग्यच होते. ज्या समाजात युरोपला जाणे आयुष्यात एकदा, अनेकांच्या साहाय्याने आणि परकीय चलनाच्या मोजक्या मंजुरीवर घडत असे, तेथे निरोपाला कथनात जागा मिळणारच. बूव्हिएने निरोप गाळला तो त्याच्या शैलीच्या संयमामुळे हे खरे. पण गाळता आला तो त्याच्या परिस्थितीमुळे, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आरंभ टाळल्याने सैलपणाचा आभास निर्माण होईल. तो टिकेल कसा? येथे बूव्हिएने बेताच्या जागी पैशाला बसविले आहे. चार महिन्यांचे पैसे आणि दोन वर्षांचा वेळ या विषम प्रमाणातून पुस्तकाची सगळी रचना निघते. पैसे संपत आले की थांबायचे, कमवायचे. व्हेर्नेने चित्रांचे प्रदर्शन भरवायचे, बूव्हिएने लेख लिहायचे, व्याख्यान द्यायचे, तब्रीझला तर हिवाळाभर फ्रेंचच्या शिकवण्या करायच्या. प्रवास ही गती असते आणि मुक्काम हा तिच्यातील खंड, हे आपले गृहीत येथे उलटते. पुस्तक उभे राहते ते मुक्कामांवर. मॅसिडोनियातील प्रिलेपसारख्या गावी, जेथे पर्यटकाला दाखविण्यासारखे फारसे काही नाही, हे दोघे काही आठवडे रमतात. आणि मधली शेकडो किलोमीटरची वाट अनेकदा चार ओळींत सरते. कारण-कार्याची साखळी बेताकडून खिशाकडे आल्यामुळे पुढचे वळण वाचकालाही आधी दिसत नाही. लेखकाला शेवट ठाऊक असूनही प्रत्येक प्रकरणात अनिश्चितता जिवंत राहते, ती या उसनवारीच्या अर्थव्यवस्थेमुळे.

यात मोटारीचाही वाटा आहे. टोपोलिनो म्हणजे इटालियनमध्ये लहानगा उंदीर. जेमतेम ५६९ घनसेंटिमीटरचे इंजिन, दोघांपुरती जागा. चढणीवर तिची दमछाक होते आणि प्रवाशांना उतरून तिच्याबरोबर चालावे, प्रसंगी तिला ढकलावे लागते. (मूषकवाहनाची सवय असलेल्या मराठी वाचकाला या जोडीविषयी आपुलकी वाटावी.) विनोद बाजूला ठेवला तरी मोटारीचा हा दुबळेपणा कथनतंत्राचा भाग आहे. वेगवान मोटार स्थळांना जोडते. ही मोटार मधेच बिघडून माणसांना जोडते. मिखाईल बाख्तीनने कादंबरीतील स्थलकालबंधाची चर्चा करताना रस्त्याला आकस्मिक भेटींची जागा मानले. एरवी परस्परांना टाळणारे निरनिराळ्या थरांतील लोक तेथे एकमेकांसमोर येतात. मात्र बाख्तीनच्या मते हा रस्ता स्वतःच्या परिचित मुलखातून जाणारा असतो, दूरच्या अद्भुत प्रदेशातून नव्हे. बूव्हिएच्या रस्त्याचे वैशिष्ट्य हे की तो परिचित आणि अपरिचित यांची सीमा कोठेच आखून देत नाही. झाग्रेब ते बेलग्रेड, बेलग्रेड ते बाच्कातील जिप्सी वादकांची वस्ती, तेथून मॅसिडोनिया: कोणत्या ठिकाणी ‘आपला’ युरोप संपला? व्हेर्नेचे अकॉर्डियन आणि बूव्हिएची गिटार हे दोघांचे परवाने आहेत. भाषा जेथे थिटी पडते तेथे ते काम करतात.

शीर्षकाचा विचार येथेच करावा. ‘ल्यूझाज द्यू माँद’चे इंग्रजी भाषांतर ‘जगाची रीत’ या अर्थाच्या शीर्षकाने झाले आहे. ‘जगाचा उपयोग’ म्हटले तर ते एखाद्या उपयुक्ततावादी पुस्तिकेचे नाव वाटेल. फ्रेंच शब्दात वापर, प्रघात आणि वापराने आलेला हक्क अशा तिन्ही छटा आहेत. मला त्याला जवळचा शब्द ‘वहिवाट’ हा वाटतो. जमिनीची वहिवाट ही मालकी नव्हे; सततच्या वापराने जो संबंध जडतो, ज्याला कागद नसला तरी आसपासचे लोक साक्ष देतात, ती वहिवाट. प्रिलेपमध्ये दोघे आठवडे काढतात तेव्हा ते गाव ‘पाहत’ नसतात, त्या गावाची वहिवाट करीत असतात. आणि या शब्दात ‘वाट’ही ऐकू येते, हा मराठीने दिलेला वरकडीचा लाभ.

सैल बेत आणि मोकळेपणा यांची आपण सहज जोडी लावतो. ती नेहमी जुळतेच असे नाही, हे दाखविणारे दुसरे पुस्तक म्हणजे हुलिओ कोर्तासार आणि कॅरल डनलॉप यांचे १९८३ मधील ‘लोस आउतोनाउतास दे ला कोस्मोपिस्ता’. मे-जून १९८२ मध्ये या दांपत्याने पॅरिस ते मार्सेय हा एरवी एका दिवसात संपणारा महामार्ग तेहतीस दिवसांत पार केला. नियम त्यांनी स्वतःच घातले: महामार्ग सोडायचा नाही, रोज दोन विश्रांतिस्थळे घ्यायची, दुसऱ्यावर रात्र काढायची. ‘फाफ्नर’ नावाची त्यांची लाल फोक्सवागन व्हॅन हीच निजायची खोली आणि लिहायची जागा. संशोधन-मोहिमेच्या नोंदवहीचे विडंबन करीत, रोजचे तापमान आणि जेवण यांच्या गंभीर नोंदी ठेवीत लिहिलेले हे पुस्तक आखणीच्या दृष्टीने बूव्हिएच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. येथे सगळे ठरलेले आहे. तरीही, किंवा त्यामुळेच, पाहण्याला जी मोकळीक मिळते ती थक्क करणारी आहे. ज्या जागा कोणी पाहण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या (मोटारी उभ्या करण्याचे तळ, स्वच्छतागृहे, झाडांची एक ओळ), त्या पाहिल्या जातात. या पुस्तकाच्या आरंभीही एक पत्र आहे, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. महामार्ग चालविणाऱ्या कंपनीकडे, इतके दिवस रस्त्यावर राहू द्यावे म्हणून केलेला तो अर्ज आहे. उत्तर न आल्याने दोघे निघतात. बूव्हिएला निघायला मित्राचे पत्र लागते, कोर्तासारला एका व्यवस्थेचे मौन. नियमबद्ध प्रवासाने स्वातंत्र्य आणि सैल प्रवासाने कधी कधी गोंधळच दिला, अशी उदाहरणे पुढे प्रकाशित झालेल्या प्रवासपुस्तकांत कमी नाहीत. अट आहे ती आखणीच्या असण्या-नसण्याची नाही; लिहिताना पुढचे माहीत असण्याच्या लोभाला आवर घालण्याची आहे. कोर्तासार आणि डनलॉप हे लिहीत असताना दोघांचीही प्रकृती खालावलेली होती. डनलॉप नोव्हेंबर १९८२ मध्ये गेली, पुस्तक कोर्तासारने पुरे केले. ही माहिती कळल्यावर त्या खेळकर नोंदवह्या पुन्हा तशाच वाचता येत नाहीत.

जिनीव्हाहून मोटारीने पूर्वेकडे जाण्याचा मार्ग बूव्हिएच्या आधी चौदा वर्षे एला मायार आणि आनमारी श्वार्त्सेनबाख यांनी १९३९ मध्ये फोर्ड गाडीतून काबूलपर्यंत आक्रमिला होता. मैत्रिणीला मॉर्फिनच्या व्यसनातून सोडविणे हा मायारचा हेतू होता, आणि तिच्या पुस्तकावर (१९४७) त्या हेतूचे ओझे पहिल्या पानापासून आहे. तो प्रवास उपचारासारखा वाचला जातो. वळणे असली तरी दिशा एकच राहते.

आता बूव्हिएच्या पद्धतीवरचा गंभीर आक्षेप. बेलग्रेडमध्ये व्हेर्नेला काम करायला जागा मिळाली ती साव्हा नदीच्या डाव्या काठावरील सायमिश्ते येथे. १९३७ मध्ये उभारलेल्या जत्रा-प्रदर्शनाच्या त्या मंडपांत जर्मनांनी डिसेंबर १९४१ पासून छळछावणी चालविली. सहा हजारांहून अधिक ज्यू, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४२ च्या वसंतात तेथून विषारी वायूच्या मोटारीत घालून मारण्यात आली. युद्धानंतर तेच मंडप चित्रकार-शिल्पकारांना कार्यशाळांसाठी देण्यात आले. बूव्हिए हा इतिहास लपवीत नाही. काही वाक्यांत तो सांगतो, आणि मग त्याच जागेतील कलावंतांच्या दारिद्र्याकडे, त्यांच्या आतिथ्याकडे, उन्हाळ्याच्या वासांकडे वळतो. प्रश्न असा की, जेथे पोचू तेथे रमावे या वृत्तीला अशा जागी थांबता येते का? माझ्या मते येथे पुस्तकाची पद्धत अपुरी पडते. वहिवाट जिवंत माणसांच्या साक्षीने सिद्ध होते. ज्यांची साक्ष नष्ट केली गेली त्यांच्यासाठी या निवेदकाजवळ काही वाक्यांपलीकडे जागा नाही. अर्थात मोटारही शेवटी एक मोटारच असते, आणि त्या गावात दुसऱ्या एका मोटारीने काय केले होते हे वाचकाला ठाऊक असल्यास टोपोलिनोची गंमत क्षणभर थांबते. बूव्हिएने ती थांबविली नाही. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, १९५३ मध्ये या छावणीविषयी बोलण्याची भाषा बेलग्रेडकरांनाही सापडलेली नव्हती.

दुसरा मुद्दा वर्गात निघाला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर या पुस्तकाच्या आरंभाविषयी बोलत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण व्हिसाच्या अर्जात यांनी मुक्कामाचा पत्ता काय लिहिला असेल?” वर्ग हसला, प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भारतीय पारपत्रधारकाला आज शेंगेन व्हिसा मागताना प्रवासाच्या तारखा, राहण्याच्या जागेचा पुरावा, पुरेशा पैशांचा पुरावा आणि किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा सादर करावा लागतो. म्हणजे ज्या खंडाच्या आतील सीमा १९९५ पासून एकेक करून पुसट होत गेल्या, त्या खंडात सैल बेताने निघण्यासाठी आधी घट्ट बेत कागदावर दाखवावा लागतो. अनेकजण तसा दाखवितातही. नंतर रद्द करता येईल अशी खोली राखून ठेवतात आणि पुढे हवे तसे फिरतात. हे एक प्रकारचे प्रवासवर्णनच आहे, प्रवासाच्या आधी लिहिलेले आणि अधिकाऱ्याला वाचक मानून रचलेले. बूव्हिएलाही व्हिसांसाठी तिष्ठावे लागले, हे पुढच्या प्रकरणांत दिसते. परंतु तटस्थ राष्ट्राचे पारपत्र हे त्याच्या सैलपणाचे न लिहिलेले भांडवल आहे. चार महिन्यांचे पैसे तो पुन्हा पुन्हा मोजतो. हे भांडवल त्याला मोजावे लागत नाही.

मग हा सैलपणा खोटा ठरतो काय? तसे म्हणणे घाईचे होईल, आणि येथे क्वेट्टाची हकिकत उपयोगी पडते. तब्रीझच्या हिवाळ्यात लिहिलेली हस्तलिखिताची पाने क्वेट्टाच्या उतरण्याच्या जागी नोकराने केर समजून टाकून दिली. बूव्हिए गावाबाहेरच्या उकिरड्यावर जाऊन कचरा उपसत राहिला. हाती चिटोऱ्यांपलीकडे काही लागले नाही. पॅट्रिक ली फर्मरचेही असेच झाले होते. डिसेंबर १९३३ मध्ये पायी निघालेल्या या तरुणाची पिशवी वहीसकट म्युनिकला चोरीस गेली, आणि त्या प्रवासाचा पहिला खंड आला तो १९७७ मध्ये. पण फर्मरने ती पोकळी विद्वत्तेने भरून काढली. बूव्हिएची तब्रीझची पाने मात्र पुस्तकातील सर्वांत प्रत्यक्ष, सर्वांत थंडीने काकडलेली पाने आहेत, आणि ती पूर्णपणे स्मरणातून पुन्हा लिहिलेली आहेत. तेव्हा प्रत्यक्षता हा जागेवर लिहिल्याचा पुरावा मानता येत नाही. २००६ मध्ये व्हेर्नेने वाटेवरून घरी लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने निघाली. तीत दिवसाचे हिशेब आहेत, आजारपणे आहेत, कंटाळा आहे. आणि त्यांच्या शेजारी ठेवून वाचल्यावर ‘ल्यूझाज’मधील किती गोष्टी गाळल्या गेल्या हे कळते. दहा वर्षे बूव्हिए मुख्यतः गाळत होता.

गाळण्याचा हा हात शेवटापर्यंत जातो. काबूलला व्हेर्ने वेगळा झाला. डिसेंबर १९५४ मध्ये बूव्हिए एकटा खैबर खिंडीत पोचतो आणि पुस्तक तेथेच थांबते. भारत मूळ बेतात होता. तो त्या देशात आलाही, येथून पुढे सिलोनला गेला, आणि तेथल्या आजारी, एकाकी महिन्यांचे पुस्तक त्याने १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. भारताचा भाग मात्र ‘ल्यूझाज’मध्ये नाही. जून १९५३ मध्ये ज्याची वाट न पाहता तो घरातून निघाला होता, तो परीक्षेचा निकाल त्याला मुंबईत कळला. तो उत्तीर्ण झाला होता. पुस्तकात याचा उल्लेख नाही.